धाकटीच्या हातचा जांभळा

धाकट्या जावेला मणी करायला शिकवलं ते थोरलीनंच. लग्न होऊन आली तेव्हा काचेची कांडी कुठून धरायची हेही तिला ठाऊक नव्हतं. सळईवर वितळती काच गुंडाळायची कशी, ज्योत केवढी ठेवायची, सगळं थोरलीनं हाताला धरून शिकवलं. आणि आता गिऱ्हाईक दारात येऊन विचारायचं, "धाकट्या वहिनींचे मणी आहेत का?"

सगळं बिनसलं ते रंग बदलणाऱ्या काचेपायी. कांडी दिसायला पिवळसर, आरपार दिसणारी. ज्योतीत नीट खेळवली की तांबूस व्हायची, मग जांभळी, मग मोरपंखी. धाकटीच्या हातात ती फुलायची. थोरलीच्या हातात मात्र दर खेपेला गढूळ तपकिरी, उकळून उकळून कडू झालेल्या चहासारखी.

"तिचा हातच गोड आहे," थोरलीचा नवरा जेवता जेवता सहज बोलून गेला.

"मग माझा काय कडू आहे?" थोरली म्हणाली. ती ताट सारून उठली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं अबोला धरला. धाकटी म्हणजे बोलघेवडी. कामाला बसली की तोंडाची टकळी सुरू. "जाऊबाई, काल काय गंमत झाली..." पण थोरली हूं की चूं करेना. शेवटी धाकटी गप्प झाली आणि मान खाली घालून मणी वळत बसली. संध्याकाळी, तयार मणी रात्रीपर्यंत सावकाश निवायला ठेवायची ती भट्टी उघडली तर तिचे सगळे मणी तपकिरी! थोरलीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

पुढेही तेच होत राहिलं, तेव्हा मात्र थोरली विचारात पडली. अबोल्यानं काच कशी बिघडेल? मग तिला आठवलं, बोलताना धाकटी हातवारे करायची, मणी ज्योतीबाहेर राहायचा, त्याची लाली विझायची. गोष्ट संपली की तो पुन्हा आत. थोरली मात्र कामात इतकी गढलेली, की मणी ज्योतीतून हलवतच नसे. तिनं मणी बाहेर काढला, निवू दिला, हलकेच पुन्हा शेकला. काचेत जांभळा चढत गेला. तिनं चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं. कुणाला काही सांगितलं नाही.

आता गिऱ्हाईक थोरलीचं नाव घेऊ लागलं. धाकटीनं आपली ज्योत बंद केली. "माझा हात गेला, जाऊबाई. मी आपली तुमच्या माळा ओवते." ओवता ओवता एकेक मणी उजेडात धरून म्हणायची, "काय सुंदर केलाय हो!"

अगदी मनापासून म्हणायची. तेच थोरलीला सहन होईना. हिला मेलीला धड जळतासुद्धा येत नाही!

एके दिवशी ती खेकसलीच, "ठेव त्या माळा. बस ज्योतीपुढे आणि बोल."

"काय बोलू?"

"काहीही! तुझ्या माहेरचं सांग."

धाकटी बिचकत बोलू लागली, मग रंगली. मामाच्या फजितीची गोष्ट सांगताना तिनं हात उंचावला. "थांब, तस्साच धर!" थोरली ओरडली. "निवू दे. हं, आता शेक. जरासाच. याचंच सगळं इंगित आहे, कळलं?"

"म्हणजे माझा हात गेला नव्हता?" धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि तुम्ही मला सांगितलंत!"

कधीपासून ठाऊक होतं, ते थोरलीनं सांगितलं नाही.

भट्टीतून निघालेला तो मणी तिनं खिडकीशी नेऊन पाहिला. जांभळ्याच्या आत निळी झाक होती. थोरलीच्या एकाही मण्यात ती उतरली नव्हती.

"बरा आहे," ती म्हणाली आणि नवी कांडी उचलून पुन्हा ज्योतीपुढे बसली.