शंभर घरांच्या चिंध्या

ग्वेईचनने बांबूच्या चिमट्याने कागदाच्या हौदातून एक कपडा वर उचलला आणि तोंड वाकडं केलं. राखेच्या पाण्यात उकळून कपड्याचा पार लगदा व्हायला आला होता, पण कमरेची नाडी अजून शाबूत होती. पुरुषाचा आतला लेंगा होता तो.

"हा कुणाचा?"

"हॉलंडमधल्या एका म्हाताऱ्याचा, आत्या. म्हणजे... होता."

"होता म्हणजे?"

"ते वारले. बायकोनं दिला."

चिमटा सुटला. लेंगा डुबकन हौदात गेला आणि शिंतोडे ग्वेईचनच्या गालावर उडाले. तिने गाल बाहीला घासघासून पुसला.

"मेलेल्याचे कपडे आपण जाळतो, यानछ्यू! आणि तू परक्या मढ्याचा लेंगा माझ्या हौदात आणून टाकतेस? इथल्या कागदावर लोक वाडवडिलांची नावं लिहितात. शी!"

"तिकडे शेकडो वर्षं चिंध्यांचाच कागद करायचे गं. सदरे, चादरी..."

"तरीच त्या लोकांच्या पुस्तकांना वास मारतो."

भाची हसली, पण ते हसू टिकलं नाही. बेजिंगमध्ये कलाकार म्हणून तिचं नाव होतं. देशोदेशीचा लगदा कालवून ती भिंतीएवढे ताव करायची आणि लोक त्यांच्यासमोर गप्प उभे राहायचे. या तावात तिकडच्या चिंध्या आणि इथल्या झाडाची साल एकत्र यायची होती. लगदा गाळायची एवढी मोठी चौकट पाण्यातून उचलायला समोरासमोर दोघं लागतात, आणि एकाचा श्वास चुकला तरी ताव फाटतो. भाड्याने आणलेल्या माणसांनी एकदा तो फाडलाही होता. नवरा गेल्यापासून गावात हे काम येणारी एकटी ग्वेईचनच उरली होती.

"उन्हाळा आहे. आज कुटून ताव उचलला नाही तर सगळं नासेल," यानछ्यू म्हणाली. "वर्षभर दारोदार फिरलेय मी याच्यासाठी."

"दारोदार? चिंध्या मागत?"

"हो. बऱ्याच जणांनी तोंडावर दार लावलं. एका बाईनं तर हात लागू नये म्हणून चिमटीत धरून वरून पिशवीत टाकलं."

ग्वेईचनने नाकाला फडका बांधायला घेतला होता. तिचा हात तिथेच थांबला.

हीच पोरगी जन्मली तेव्हा मांजराच्या पिलाएवढी होती, दूधही पचत नव्हतं. अशा पोराला शंभर घरच्या तुकड्यांचं अंगडं शिवतात, म्हणजे सगळ्यांचं बळ मिळून ते जगवतं. टोपली घेऊन ग्वेईचनच हिंडली होती. खाटकाच्या बायकोने कमरेच्या तेलकट फडक्याचा तुकडा असाच चिमटीत धरून वरून टाकला होता, कुत्र्याला टाकावा तसा. कितीदा धुतला तरी चरबीचा वास गेला नव्हता. नाक मुरडत ग्वेईचनने तो अंगड्याच्या छातीवरच शिवला, आणि शेवटचा तुकडा आपल्या बाहीचा लावला.

ती घरात गेली. आली ती हातात आपली जुनी आतली बंडी घेऊन. काखेत घामाने पिवळी पडलेली.

"ही पण कूट. घरचा तुकडा नसेल तर ती नुसती भीक होते."

"म्हणजे चौकट धरशील?"

"धरेन. पण नाकावरचा फडका काढणार नाही. आणि तो लेंगा नीट कूट, त्याची नाडी माझ्या बाजूला दिसली तर तिथेच सोडून देईन सगळं."

यानछ्यूने हात पुढे केला. नकळत, दोन बोटांनी बंडीचं टोक धरून तिने ती अंगापासून लांब नेली.

ग्वेईचनने ते पाहिलं.

"चिमटीत नको," ती म्हणाली. "मुठीत धर."