खीळ लावली होती का

दुपारी तीन वाजता शेरिफच्या कचेरीचा हुकूम फोनवर आला: वणव्याचा इशारा, तिसरी पातळी, लगेच निघा. आर्डिस हॉफस्टेटरने तो दोनदा वाचला आणि मग नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला.

मर्ल ट्रेलरमधल्या खुर्चीत बसला होता. गेल्या आठवड्यात उजव्या डोळ्याचा सुटलेला पडदा बसवून घेतला होता, त्यावर जाड पट्टी. डावा डोळा पाच वर्षांपूर्वीच काचबिंदूने गेला होता. त्यातून त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळे. आज खिडकीत दोन्हीही नव्हतं, नुसता नारिंगी रंग होता.

"म्हणजे वेळ किती आहे?" त्याने विचारलं.

"तिसरी म्हणजे वेळ नाही."

"मग जोड गाडी."

स्पोकॅन शहरातलं घर विकून ते या ट्रेलरमध्ये राहायला आले, त्याला बरीच वर्षं झाली होती. सात टनांचं हे घर पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या जबड्याला जोडायचं आणि न्यायचं, हे काम कायम मर्लचं. आर्डिस लांब उभी राहून हाताने खुणा करायची. मागे घे, डावीकडे, थांब. यापलीकडे तिने कधी हात लावला नव्हता, त्यानेही लावू दिला नव्हता.

"आपण नुसती पिकअप घेऊन गेलो तर?" ती म्हणाली.

"आणि राहायचं कुठे? तुझ्या बहिणीच्या गॅरेजमध्ये? ती मला जेवायला घालेल, पण आधी हात धुतलेत का ते दाखवायला लावेल."

ती बाहेर आली. अंगणात राख पडत होती. वणवा अजून डोंगराच्या पलीकडे होता, पण धारेवर मधूनच एखादं झाड काडेपेटीच्या काडीसारखं पेटून विझताना दिसे. पलीकडच्या जागेतला डेलबर्ट आपला लहानसा ट्रेलर घेऊन निघालाच होता. त्याने काच खाली केली.

"आज तू जोडणार, आर्डिस? मर्ल, पट्टी बांधून घेतलीस ते बरं केलंस बाबा, तुला बघवलं नसतं."

"नीघ तू," मर्ल दारातून म्हणाला.

"थांबतो की. पाच मिनिटांचं काम आहे."

"नीघ म्हणतो ना. आणि जोडताना तिच्याशी कोणी बोलायचं नाही."

डेलबर्टने आर्डिसकडे पाहिलं. थांब, असं तिला म्हणायचं होतं, पण ती म्हणाली नाही. तो गेला.

जोडणाऱ्याशी बोलायचं नाही, हा तिथला रिवाज. चाकांवर राहणाऱ्या माणसांच्या कुठल्याही तळावर जा, कोणी गाडी जोडत असेल तर शेजारी हातात कॉफी धरून लांब उभे राहतील, पण हाक मारणार नाहीत. मध्येच कोणी बोललं की एक पायरी सुटते आणि कोणती सुटली ते आठवत नाही. मर्लचा सख्खा भाऊ एकदा मध्येच विचारून बसला, मासे लागले का म्हणून. त्या दिवशी ट्रेलरचे पुढचे पाय वर घ्यायचे राहिले आणि वाकले. मर्ल भावाशी थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत बोलला नाही.

आर्डिसने मर्लला हाताला धरून पिकअपच्या पुढच्या सीटवर बसवलं. डिझेल इंजिन सुरू केलं, हौद्याचा मागचा फाळका खाली पाडला. ट्रेलरच्या चाकांना ठोकळे होतेच. तळावरची वीज कालच गेली होती आणि रात्रभर फ्रिजने ट्रेलरची बॅटरी पिऊन टाकली होती, त्यामुळे पुढचे पाय बटणाने हलेनात. हँडल घालून ते हाताने फिरवावे लागले. ट्रेलरचं नाक बोट-बोट खाली आलं. त्याच्या पोटाखालचा खुंटा आणि हौद्यातला जबडा एका उंचीत आलेत असं वाटल्यावर ती गाडीत बसून मागे आली. पहिल्यांदा खुंटा जबड्याच्या बाजूला लागला आणि सगळं धूड हललं. मर्लने डॅशबोर्ड घट्ट धरला, पण तोंडातून शब्द काढला नाही. ती पुढे गेली, पुन्हा मागे आली. या वेळी लोखंडावर लोखंड बसल्याचा जड आवाज झाला.

ती उतरली. जबडा मिटला होता आणि त्याचा दांडा आपोआप आत गेला होता. नाकाची पाटी आणि जबड्याची तबकडी यांच्यात फट राहता कामा नये. फट असली तर त्यातून पलीकडचा उजेड दिसतो. पण या धुरात कसला उजेड? तिने टॉर्च लावून पाहिलं. फट नव्हती. आता दांड्याच्या भोकात खीळ घालायची, म्हणजे गचक्याने दांडा बाहेर सरकत नाही. खिळीची साखळी मागेच तुटली होती, म्हणून मर्ल ती पिकअपच्या दाराच्या खणात ठेवायचा. आर्डिसने ती काढून हातात घेतली.

"आर्डिस."

तिने ओ दिली नाही. जोडताना बोलायचं नाही, हे त्यानेच शिकवलं होतं.

"आर्डिस, आहेस का तू?"

हा आवाज तिने आजवर ऐकला नव्हता. त्याच्या आईच्या अंत्यविधीलाही तो असा बोलला नव्हता. ती पुढे गेली आणि दार उघडलं. तो तोंड वर करून, वाऱ्याचा वास घ्यावा तसा बसला होता.

"काय झालं?"

"काही नाही. तुझा आवाज यायचा थांबला म्हणून."

"इथंच आहे मी."

त्याने चाचपडत तिचं मनगट धरलं, जरा वेळ धरून ठेवलं आणि सोडलं. "जा, काम कर. मी काही बोललो नाही," तो म्हणाला.

ती मागे गेली. ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक लागावेत म्हणून असलेली तार अडकवली, दिव्यांची वायर जोडली, फाळका लावला. ट्रेलरचे ब्रेक डॅशबोर्डवरच्या कळीने हाताने दाबून धरून पिकअप थोडी पुढे ओढून पाहिली. जबड्याने धरलं होतं. पाय वर घेतले, ठोकळे काढले आणि ती निघाली.

तळावरून एकच रस्ता. तो दरीत उतरतो, तळाशी गुरांना अडवायला आडवे टाकलेले लोखंडी रूळ, त्यापुढे एकेरी पूल, आणि पुलानंतर हमरस्त्यापर्यंत खडा चढ. उतारावर गाड्यांची रांग लागली होती. एका लाल गाडीतल्या बाईने थांबून आर्डिसला आपल्यापुढे शिरू दिलं, नाहीतर एवढं धूड रांगेत घुसलंच नसतं. तिच्या मागच्या सीटवर लहान मुलांच्या दोन खुर्च्या होत्या आणि दोन्हीत मुलं होती. आर्डिसने हात वर केला. बाईनेही केला.

दुसऱ्या वळणावर तिला खीळ आठवली.

हातात घेतली, हे आठवत होतं. तिचा गारवा आठवत होता. त्यानंतर दार उघडलं, मनगट, आणि मग तार अडकवली. मधलं काहीच नव्हतं. तिने एका हाताने खिसे चाचपले. रिकामे होते. खीळ लावली असेल तरी खिसे रिकामेच असणार.

"मर्ल, तुझ्या दाराच्या खणात खीळ आहे का बघ."

त्याची बोटं खणात फिरली. "नाही. का?"

"मी ती लावली का, आठवत नाही."

त्याने हात खणातून काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "लावलीस. मी ऐकलं. आत जाताना खट्ट वाजली."

"इंजिन चालू होतं."

"चाळीस वर्षं इंजिनं ऐकलीत मी. खट्ट वाजली."

तिने मान हलवली, पण गाडी उभी करायला जागा शोधू लागली. थांबून बघावं तर रस्त्याला कड नव्हती, एका बाजूला कातळ आणि दुसरीकडे दरी. मागे पन्नासेक गाड्या आणि त्यांच्या मागे वणवा. एक वळण गेल्यावर आरशातून ती धार दिसली, जिच्या पायथ्याशी त्यांचा तळ होता. आता तिथे एखादं झाड पेटत नव्हतं, सगळी धार पेटली होती.

"उतारावर काही होत नाही," मर्ल म्हणाला. तिने विचारलंही नव्हतं. "उतारावर ट्रेलर पुढे रेलतो, खुंटा आतच दाबला जातो. एक्झॉस्ट ब्रेक चालू ठेव, इंजिनच गाडी धरेल, दुसऱ्या गियरच्या वर जाऊ नकोस. पायाचा ब्रेक सारखा धरू नकोस, तापेल."

"आणि चढावर?"

"चढावर ओढ लागते."

पुढचं तिला सांगावं लागलं नाही. रुळांवरून जाताना गचके बसतील, खीळ नसेल तर दांडा बाहेर सरकेल, आणि पुलापलीकडे ओढ लागली की जबडा उघडेल. तार ताणून ट्रेलरचे ब्रेक लागायला हवेत, पण ते लागतात ट्रेलरच्या बॅटरीवर. ती बॅटरी तर फ्रिजने रात्रीच संपवली होती. निघाल्यापासून पिकअपच्या इंजिनाने भरली असेल तेवढीच. सात टन मागे घरंगळतील, आणि मागे ती लाल गाडी.

तिने धोक्याचे दिवे लावले. काच खाली करून हात बाहेर काढला आणि मागच्या बाईला लांब राहण्याची खूण केली, तळहात मागे ढकलत, पुन्हा पुन्हा. धुरात त्या बाईला काय दिसलं कोण जाणे. तिला वाटलं असावं, ये, माझ्या मागे मागे ये. लाल गाडी इतकी जवळ आली की ट्रेलरच्या आड जाऊन आरशातून दिसेनाशी झाली.

"ती चिकटलीय मागे," आर्डिस म्हणाली. "मर्ल, तिच्या गाडीत मुलं आहेत."

"लावलीस तू. ऐकलं मी."

रूळ आले. पुढची चाकं गेली, मागची गेली, आणि मग ट्रेलरची चारही चाकं एकामागून एक रुळांवर आपटली. प्रत्येक गचका तिच्या पाठीच्या मणक्यात बसला. तिसऱ्या की चौथ्या गचक्याला मागून एक वेगळाच, सैल लोखंडाचा आवाज आला. तो मर्लनेही ऐकला. त्याचा चेहरा त्या बाजूला वळला.

पुलाच्या पलीकडे, चढाआधीच्या जराशा सपाटीवर तिने गाडी उभी केली.

हातात झेंडा घेतलेला शेरिफचा तरुण डेप्युटी धावत आला. "बाई, थांबायचं नाही. वाऱ्याने दिशा बदललीय. चला, चला."

"माझा ट्रेलर सुटतोय."

"चढावर वर गेल्यावर बघा."

"चढावरच सुटेल. या लाल गाडीला इथं अडवून धरा, मी वर पोहोचेपर्यंत. मुलं आहेत तिच्यात."

तो पुलावरच्या रांगेकडे आणि मागच्या धुराकडे बघत राहिला. आर्डिस थांबली नाही. पिकअपच्या मागच्या चाकावर पाय देऊन ती वर चढली आणि टॉर्चचा झोत आत टाकला. भोकात खीळ नव्हती. दांडा दोन बोटं बाहेर आला होता. तिने सगळा जोर लावून ढकलला. तो जागचा हलला नाही. खुंट्याचा ताण त्याच्यावर होता. पिकअप किंचित मागे घेतली तरच ताण सुटला असता, आणि ती मागे घेत असतानाच कोणीतरी दांडा ढकलायला हवा होता.

ती दाराशी आली. "खीळ नाहीय, मर्ल."

त्याने तोंड तिच्याकडे वळवलं. पट्टीखालून गालावर घामाचा ओघळ आला होता.

"ऐकलं म्हणालास."

"तू घाबरलीस, ते ऐकलं," तो म्हणाला. "मला उतरव."

एक हात पत्र्यावर ठेवून तो मागच्या चाकापर्यंत चालत गेला. आर्डिसने त्याचा पाय चाकावर ठेवून दिला. त्याने हौद्यात ओणवं होऊन हात घातला, आणि तबकडी, जबडा, दांडा यांवरून त्याची बोटं अशी गेली की डोळे असलेल्यानेही एवढ्या झटपट शोधलं नसतं. खिळीच्या जागी घालायला तिने सीटमागच्या पिशवीतून पेचकस काढून त्याच्या हातात दिला.

"ब्रेक हाताने धर, मागे घे. बोटभर नको, केसभर."

ती बसली. ट्रेलरचे ब्रेक दाबले, रिव्हर्स टाकला, पाय उचलला. गाडी श्वास घेतल्यासारखी हलली. मागून लोखंडाचा आवाज आला, मग काहीच नाही. डेप्युटी हातवारे करत ओरडत होता. मर्ल पत्रा चाचपत पुढे आला आणि आत बसला. त्याचे हात काळे झाले होते.

"दांडा बसला?"

"बसला."

"आणि पेचकस?"

"घातला भोकात. चल."

"पूर्ण गेला का, मर्ल?"

त्याने सीटचा पट्टा शोधला आणि तो लावायला बराच वेळ घेतला.

"गेलाय," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. मघाशी 'लावलीस' म्हणतानाही तो याच आवाजात बोलला होता. उतरून पुन्हा बघण्याइतका वेळ नव्हता. डेप्युटी दारावर थाप मारत होता, आणि पुलामागच्या झाडांचे शेंडे पेटले होते.

"लाल गाडी अडवली का त्याने?" मर्लने विचारलं.

तिने दोन्ही आरसे पाहिले. एकात झेंडा क्षणभर दिसला आणि धुरात गेला. दुसऱ्यात फक्त ट्रेलरची पांढरी कड होती.

"दिसत नाही."

पावणेपाचच्या सुमाराला पिकअप चढाला लागली. आर्डिसने पहिला गियर टाकला. सात टनांची ओढ सीटच्या पाठीतून तिच्या खांद्यांपर्यंत आली. आरशात ती पांढरी कड अजून होती, आणि ट्रेलरची मागची चाकं सपाटी सोडून चढावर येत होती.