थडग्यावरचे पाहुणे

थडग्यापाशी बसून पूर्वजांसोबत जेवायच्या सणाच्या दिवशी सेत्सू डबे घेऊन सुनेबरोबर टेकडी चढली. नवऱ्याच्या घराएवढ्या थडग्याच्या, कासवाच्या पाठीसारख्या छतावर टोकियोहून आलेले चौघे समुद्राचे फोटो काढत होते.

“उतरा खाली!” ती कडाडली.

“आजी, पाटी नव्हती हो. समुद्र बघायची जागा वाटली.”

“तुमच्या छपरावर आहे पाटी? मग येऊ का नाचायला?”

ते धडपडत उतरले. “माफ करा, आजी.”

“मला काय सांगता? आत माझा नवरा आहे, त्याला सांगा.”

चौघेही थडग्याच्या दाराशी वाकले आणि निघून गेले.

“आई, झालं ना आता? जेवण वाढते,” सून म्हणाली.

“डब्याला हात लावू नकोस!”

सेत्सू चपला काढून छतावर चढली आणि बुटांचा एकेक ठसा ओल्या फडक्याने पुसून काढू लागली.