पांढऱ्या दगडापर्यंतची गाडी

भोंग्याची गाडी सपाटीला हरणासारखी पळायची आणि चढण आली की म्हशीसारखी बसायची.

भोंगा म्हणजे एक म्हातारा विणकर. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढली, त्यात उजवा कान पार गेला. डावा अर्धामुर्धा जागा. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून बोलायचा असा, की शेजारच्याचं झोपलेलं पोर उठावं. कारखान्यानं नाव पाडलं भोंगा, ते चिकटलं ते चिकटलंच.

मुलीचं घर टेकडीच्या माथ्यावर. दर रविवारी नवरा-बायको नातवाला बघायला जायचे. चढणीच्या मध्यावर एक पांढरा दगड आहे. तिथं आलं की गाडी कण्हायला लागायची. मग बायको उतरायची, पिशवी काखेला मारायची आणि उरलेला चढ पायी चढायची. भोंगा मोकळी गाडी घेऊन वर जाऊन थांबायचा.

"तुमची गाडी माझ्यापेक्षा नाजूक हो," ती म्हणायची आणि हसायची. सहा वर्षं हसली. यंदा तिचा गुडघा गेला. डॉक्टरीणबाईंनी चढ बंद केला.

"तुम्ही जात जा," बायको म्हणाली. "मी घरी बरी."

म्हणाली अगदी सहज. पण नातवाचं अर्धं विणलेलं स्वेटर तिनं सुयांसकट कपाटात टाकलेलं भोंग्यानं बघितलं.

तो तडक मिस्त्रीच्या गॅरेजात.

"इंजिन बदल म्हणू नकोस, तेवढी ऐपत नाही," त्यानं आधीच दम भरला.

मिस्त्री गाडीखाली सरपटला. मागच्या अ‍ॅक्सलला हात लावून म्हणाला, "काका, इंजिन बिचारं ठीक आहे. आधीचा मालक सपाटीवरचा. वेगाच्या हौसेपायी त्यानं इथले दाते बदललेत. इंजिनाकडनं येणारा दांडा साडेतीन वेळा फिरला की तुमचं चाक एकदा फिरतं. दांडा जास्त वेळा फिरला पाहिजे, म्हणजे वेग कमी, जोर जास्त."

हे भोंग्याला शिकवायला नको होतं. मागावरसुद्धा चाकाचे दात बदलले की कापड दाट की विरळ ते ठरतं.

दातेरी चाकांची नवी जोडी गाडीच्या मोलाची. राहिलं भंगार. भंगारात दोन निघाल्या. एक त्याच कंपनीच्या व्हॅनची, दांड्याच्या चार फेऱ्यांच्या जरा वरची. दुसरी मालवाहू टेम्पोची, पाचची. दोन्हीचा भाव सारखा. पण बसवायची मजुरी एकदाच परवडणार होती. चुकलं तर चुकलं.

"पाचची!" भोंगा ओरडला. "भिंत चढेल!"

"चढेल. पण सपाटीला केकाटेल," मिस्त्री म्हणाला. "माझ्या टेम्पोत तीच आहे. काकूंना घेऊन या, चक्कर मारून बघा. बसायचं त्यांनाच आहे ना?"

आले. तिघं पुढंच दाटीवाटीनं बसले. भोंगा खूश होता, गुडघ्यावर ताल धरून. मोठ्या रस्त्याला लागल्यावर बायको त्याच्या डाव्या कानाशी काहीतरी बोलली.

"काय?"

ती पुन्हा बोलली. इंजिन नुसतं ठणाणा करत होतं.

"काय गं?"

तिनं हात हलवला, राहू दे म्हणून, आणि खिडकीबाहेर बघत बसली.

गॅरेजात उतरल्या उतरल्या ती मिस्त्रीला म्हणाली, "चारची बसव."

"अगं, वेडी की काय! तुझ्या गुडघ्यासाठी चाललंय सगळं!"

"चढण पाच मिनिटांची आहे. सपाट रस्ता तासाभराचा." ती त्याच्या डाव्या बाजूला आली. "घरात तुम्हाला माझं ऐकू येत नाही, बाहेर तर नाहीच. गाडीत काचा लावून मी तुमच्या डाव्या कानाशी बसले की तेवढं येतं. आठवड्यातला तो एक तास मी नाही सोडणार."

भोंगा पहिल्यांदाच हळू बोलला. "आणि नाही चढली तर?"

मिस्त्रीनं हात पुसले. "चढेल बहुतेक. एक मात्र ऐका. चढणीवर मध्ये थांबू नका. पळती गाडी पळत राहते. थांबून उठायचं म्हणजे तिची परीक्षा."

रविवारी निघाले. तासभर बायको बोलत होती, तो हूं हूं करत होता. चढण लागली. गाडीनं दम धरला, रडली नाही की कुरकुरली नाही. पांढरा दगड आला, आणि भोंग्याचा पाय गेला ब्रेकवर.

सहा वर्षांची सवय हो! गाडी दगडापाशी थांबली. बायकोनंही दार उघडलं, पिशवी काखेला मारली, एक पाय खाली. मग दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"मेलो!" भोंगा म्हणाला. "थांबवली की गं मी!"

"आणि मी उतरले की!" ती हसता हसता गाडीच्या दाराला टेकली. मग तिचं हसू ओसरलं. तिनं वर बघितलं, मग गुडघ्याकडं. "उतरू का?"

"पाय आत घे."

"अहो, पण..."

"आत घे म्हणतो ना!"

तिनं पाय आत घेतला, दार ओढलं. भोंग्यानं हँडब्रेक धरला, पहिला गिअर टाकला, क्लच असा सोडला जसा झोपलेल्या पोराच्या मानेखालचा हात काढावा. गाडी थरथरली. मागं बोटभर सरकली. बायकोनं त्याची बाही धरली. मग मागची चाकं रुतल्यासारखी रस्त्याला धरून बसली आणि गाडी उठली. सावकाश, म्हातारी माणसं उठतात तशी. पण उठली.

पांढरा दगड आरशात मागं पडला. बाही काही तिनं सोडली नाही.

माथ्याजवळ आल्यावर भोंग्यानं विचारलं, "त्या टेम्पोत काय सांगत होतीस गं?"

"शर्टाचं बटण तुटलंय म्हणत होते."

त्यानं खाली बघितलं. अजून तुटलेलंच होतं.