डोळ्यातून परतणारा उजेड

"भूमिका, हालू नको. त्या कपाटाकडं पाह्य," नामदेव म्हणाला. अडीच वर्षांची नात त्याच्या मांडीवर वळवळत होती. सकाळपासून फोपनारच्या शाळेत पोरांचे डोळे तपासून तो लेकीच्या घरी जेवायला आला होता. ताट येईपर्यंत सहज म्हणून त्यानं पिशवीतून रेटिनोस्कोप काढला, डोळ्यात उजेड टाकून पाहायचं ते वीतभर दांडीचं यंत्र. अंधार व्हावा म्हणून लेकीनं, कोमलनं, दार लोटून घेतलं.

उजव्या डोळ्यात उजेड शिरला, तळाला लागला आणि लालसर होऊन परत आला. एकतीस वर्षं नामदेव हा रंग बघत आला होता. निरोगी डोळा उजेड असाच परत करतो.

मग तो डाव्या डोळ्याकडे वळला. तिथून पांढरं आलं.

त्यानं यंत्राची काच सदऱ्याला पुसली. दार नीट लावायला सांगितलं. थोडा सरकून, वेगळ्या बाजूनं उजेड टाकला. पांढरंच.

नामदेव बुऱ्हाणपूरला सरकारी दवाखान्यात नेत्र सहाय्यक होता. कुणी डॉक्टर म्हटलं तर ती चूक तो स्वतःच सुधारायचा. पण उजेडाबद्दल बोलायला त्याला आवडायचं. शाळेत गेला की पाण्याच्या ग्लासात पेन्सिल ठेवायचा. ती वाकडी का दिसते ते सांगायचा, मग डोळ्यातलं भिंग उजेडाला कसं वाकवतं, पडद्यावर एका जागी कसं गोळा करतं, ते सांगायचा. पोरं ऐकत राहायची. मास्तरही ऐकायचे.

दिवाळीत कोमल माहेरी आली होती, तेव्हा म्हणाली होती, "पप्पा, हिचा डावा डोळा संध्याकाळी मांजरीसारखा चमकतो. फोटोत पण पांढरा येतो, पाहा ना." तिनं मोबाइल पुढे केला होता. त्याच्या हातात फराळाची बशी होती. बसल्या जागेवरून त्यानं एक नजर टाकली आणि म्हणाला, "अगं, फ्लॅश तिरपा पडला की उजेड तसाच परत येतो. टेन्शन नको घेऊ." तो कसा परत येतो तेही त्यानं बोटानं हवेत रेघ ओढून दाखवलं होतं. कोमल हसली होती. तिचा जीव भांड्यात पडला होता.

त्याला आता चार महिने होऊन गेले होते.

"काय झालं, पप्पा?"

"उद्या इंदूरला जायचं," नामदेव म्हणाला. "समाधानरावांना फोन लाव."

इंदूरच्या डॉक्टरांनी भूल देऊन तपासलं. डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर होता. तो नसेतून मेंदूकडे जायच्या आत डोळा काढायला हवा होता. "चार महिने आधी आला असतात तर डोळा वाचवायचा प्रयत्न तरी केला असता," डॉक्टर म्हणाले. जावई समाधान कागदाकडे बघत राहिला. कोमलनं बापाकडे पाहिलंसुद्धा नाही.

फोपनारला परतल्यावर समाधानची आई, मथुराबाई, ओट्यावरच भेटली. सगळं ऐकून ती खाली बसली.

"डोळा काढायचा? पोरीची जात आहे. उद्या तिला कोण करील?" मग तिची नजर सुनेवर गेली. "दिवसभर पोरगी तुझ्याजवळ राह्यते. तिच्या डोळ्यात तुला काहीच दिसलं नही? काहून नही दिसलं?"

कोमल भूमिकेच्या फ्रॉकची घडी करत होती. तिनं तो उलगडला आणि पुन्हा घडी करायला घेतली.

"बोल ना," समाधान म्हणाला. "खरंच नही दिसलं?"

नामदेव खुर्चीवर बसला होता. या घरात तो आला की ती खुर्ची त्याच्यासाठी रिकामी व्हायची. गल्लीतले लोक चष्मे घेऊन त्याला विचारायला यायचे. कोमलनं मान वर केली आणि त्याला दिसेल न दिसेल अशी हलवली. सांगू नका, अशी.

तो उठून उभा राहिला.

"विहीणबाई, तिला दिसलं होतं. दिवाळीत तिनं मला सांगितलं, फोटो दाखवला. मी जागचा उठलो नाही. म्हटलं, फ्लॅशमुळं होतं."



"तुम्हाला तर यातलं समजते ना?" मथुराबाई म्हणाली.

"समजते. म्हणून तर तिनं माझं ऐकलं." त्यानं खुर्ची मागे सारली. "मला काय बोलायचं ते मागून बोला. डोळा ठेवला तर पोर जाईल. परवा न्यायचं आहे."

मथुराबाई आत गेली. त्या दिवशी नामदेवला कुणी चहा विचारला नाही. समाधाननं गाडी ठरवली. पण इंदूरपर्यंतच्या रस्त्यात तो सासऱ्याशी एक शब्द बोलला नाही.

डोळा काढला. रोग नसेत थोडा शिरला होता, म्हणून सहा वेळा औषध चढवायचं ठरलं. "तुम्ही नका येऊ," समाधाननं सांगितलं, आणि नामदेव गेला नाही. कोमल फोनवर फक्त तारखा सांगायची. चौथ्या खेपेला शेतातल्या केळीची कटाई आली, तेव्हा समाधानचाच फोन आला. "मामा, या वेळी तुम्ही जाल का हिच्यासंग?"

पाचव्या औषधानंतर नामदेव फोपनारला आला तेव्हा भूमिकेचे केस गेले होते. तिला दुकानात जायचं होतं. नामदेवनं हात पुढे केला. "मी चालते," ती म्हणाली.

गल्लीतून मोटरसायकली जात होत्या. तो तिच्या डाव्या अंगाला राहून चालू लागला, कारण तिकडून आलेलं तिला दिसलं नसतं. पण तोही तिला तिथं दिसत नव्हता. चार पावलं गेली की ती थांबायची, अख्खं तोंड त्याच्याकडे वळवायची, तो सापडला की पुन्हा पुढे चालायची.

तिनं पाहून होईपर्यंत नामदेव जागच्या जागी उभा राहायचा.