कडेचा पाहुणा

मारेनची वेबसाइट पाहिली की आर्विडचा जळफळाट व्हायचा, आणि तरी ऊठसूट तो तीच उघडून बसायचा. सरोवराकाठच्या डुलुथ शहरात उभी हयात त्याने लग्नांचे फोटो काढण्यात घालवली होती, आणि आता तिथल्या सगळ्या नवऱ्यामुली त्या कालच्या पोरीकडे पळत होत्या. ती मारेन त्याच्याच हाताखाली, लग्नांत दुसऱ्या कॅमेऱ्याने फोटो काढत शिकलेली.

"नुसतं धुकं काढते! नवरीचं नाक शोधावं लागतं," तो फणफणला.

"मग नाक दिसेल असे तुझे फोटो लाव," त्याची बायको लोर्ना म्हणाली. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याची वेबसाइट बनवत होती. हा उन्हाळा रिकामा गेला तर स्टुडिओला कुलूप लागणार, हे दोघांनाही माहीत होतं. "पहिल्या पानावर कुठला लावू?"

आर्विडने जुन्या फाइलींच्या ढिगातून बेधडक एक फोटो निवडला. वाऱ्यावर ओढणी उडालेली, मान मागे टाकून पोट धरून हसणारी नवरी. "हा बघ. असा एक तरी काढून दाखव म्हणावं तिला!"

लोर्नाने तो पडदाभर मोठा केला. थोडा वेळ बघितला आणि तिला हसू फुटलं.

"आर्विड, हा कडेला कोण आहे रे?"

"असेल कुणी पाहुणा."

"कमरेला टेबलावरचा रुमाल गुंडाळून नाचणारा? अरे, हे टक्कल मी ओळखणार नाही होय!"

आर्विड पुढे वाकला. पाठमोरा, धूसर, गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा. तोच होता. म्हणजे फोटो त्याचा नव्हता. त्या लग्नात दुसरा कॅमेरा मारेनकडे होता. दुसऱ्या कॅमेऱ्याचे फोटोही मुख्य फोटोग्राफरच्याच नावावर जातात, हा धंद्याचा रिवाज. सगळे एकाच ढिगात पडतात आणि कुणाचा कुठला हे कुणी विचारत नाही. गेल्या वसंतात मारेनने एक फोटो मागितला होता, आपल्या साइटसाठी. कुठला तेही न बघता आर्विडने 'माझ्या लग्नातला फोटो माझाच' म्हणून तिला वाटेला लावलं होतं. तो हाच असणार.

त्याच्या उभ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो, आणि तोही तिचाच!

"काप," तो म्हणाला. "मला काढून टाक. कोण ओळखतंय?"

लोर्नाने फोटोची कड आत ओढली. आर्विड फोटोतून गेला. नवरी तशीच हसत राहिली, पण कशाला हसतेय ते कळेना. वेड्यासारखी रिकाम्या हवेकडे बघून हसत होती. फोटोतला जीवच गेला.



नवऱ्यामुलींना हसवायला आर्विड काय काय सोंगं करायचा! ते कुणी बघत असेल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. या पोरीने ते बघितलं होतं, आणि नेमकं तेवढंच टिपलं होतं. त्याला आणखीच चीड आली.

"ठेव पहिल्यासारखा," तो पुटपुटला.

"आणि?"

"आणि खाली तिचं नाव टाक. तिलाही पाठव तो फोटो, लाव म्हणावं तुझ्या साइटवर."

लोर्ना टाइप करू लागली. आर्विड मागे उभा राहून एकेक अक्षर बघत होता.

"एवढं मोठं कशाला?" तो म्हणाला. "जरा बारीक कर."