अभिप्रायाची वही

आमच्या वाचनालयात एक नियम होता. पुस्तक परत करताना अभिप्रायाच्या वहीत चार ओळी लिहायच्या, खाली सही करायची, मगच दुसरं पुस्तक मिळायचं. नियम हणमंतरावांचा, कारण वाचनालय त्यांच्या कापडदुकानाच्या माडीवर होतं. बाकीचे 'उत्तम पुस्तक' एवढं लिहून सुटायचे. मला ते जमत नसे. मी शाळामास्तर, चूक दिसली की लाल रेघ ओढल्याशिवाय माझा हात थांबत नाही.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात हणमंतरावांनी सोलापुराहून माणसाला सुधारणारी पुस्तकं आणली. पहाटे चारला उठणारा मोठा होतो, असं एकात होतं. मी लिहिलं, 'आमच्या गावातल्या झाडून सगळ्या बायका चारला उठून जात्यावर बसतात. अजून एकही मोठी झालेली नाही.' लोक माझे अभिप्राय वाचायला माडी चढत, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

मग निर्भय होण्याचं पुस्तक हाती आलं. एकवीस दिवस आरशासमोर उभं राहून 'मी भीत नाही' म्हणायचं, हा त्यातला उपाय. इथे निजामाचे रझाकार गावोगाव फिरत होते, माणसं घरंदारं सोडून पळत होती, आणि हा गृहस्थ आरसा दाखवतोय! माझं डोकंच फिरलं. मी लिहिलं, 'लेखकाने कडगंचीच्या पुढे, आमच्या सरहद्दीवरच्या गावाला यावं. इथल्या इरप्पा धनगराकडे आरसा नाही. तो पळणाऱ्या माणसांना घोंगडी पांघरवून आपल्या कळपाबरोबर नाक्यापलीकडे नेतो. निर्भय म्हणावं तर त्याला.' सही केली, तारीख घातली.

आठ दिवसांनी, शनिवारी, नाक्यावरच्या अमिनाने, म्हणजे निजामाच्या फौजदाराने, वही उचलून नेली. त्याला मराठी वाचता येईना, आणि त्याचा मराठी जाणणारा कारकून, मुन्शी, गुलबर्ग्याला गेलेला. म्हणून वाचायला मलाच बोलावणं आलं.

जात्यावरच्या बायकांवर अमीन पोट धरून हसला. माझ्यासाठी चहा मागवला. मी पान उलटलं. आरशापर्यंत वाचलं, इरप्पाला गाळलं आणि सरळ सही वाचली.

अमिनाने पानावर बोट ठेवलं. "मास्टर, लिखेला बहोत है, पढ़े थोड़ा."

एकच गोष्ट दोनदा लिहिली गेली, असं काहीतरी मी बोललो. त्याने वही मिटली. मुन्शी सोमवारी येणार होता. "वो भी पढ़ लेगा," तो म्हणाला, आणि माझा चहा संपेपर्यंत माझ्याकडे बघत राहिला.

तिथून मी तडक इरप्पाकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

"माझं नाव? वहीत?" त्याचा चेहरा खुलला. "काय लिवलाव?"

मी सांगितलं. त्याची बायको रेणुकाबाई कोकराला पाजत होती. तिचा हात थांबला. "कामून लिवलाव, मास्तर?" एवढंच ती म्हणाली. मी इरप्पाकडे वळलो.

"इरप्पा, आत्ताच्या आत्ता गाव सोड."

"उद्या दुपारी पाच जणं यायलेत. दोन लेकरं हायेत त्यांच्यात. त्यांनी कुणाकडं जावं?" मग तो आवाज उतरवून म्हणाला, "आन् निर्भय कशाला लिवलाव? मला तर लई भ्या वाटतंय. दर खेपंला नाका आला की पाय लटपटतेत."

माझी मान खाली गेली. मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

"मग मी नेतो त्यांना. तू पुढे हो."

"तुमच्या मागं मेंढरं येत न्हाईत, मास्तर. आन् मेंढरांबिगर गेलाव तर तिथंच धरतील."

रविवारी दुपारी तो निघाला. कळपात पाच घोंगड्या मिसळल्या होत्या, त्यातल्या दोन फारच लहान. मुन्शी उद्या येणार, आज निभावेल, असं मनाशी म्हणत मी आधीच नाक्यासमोर जाऊन उभा राहिलो. भिंतीला एक सायकल टेकलेली दिसली. ती मुन्शीची होती. तो एक दिवस आधीच परतला होता. मागे वळून हाक मारावी तर अमीनच बाहेर येईल, न मारावी तर इरप्पा चालतच येतोय. आतून मुन्शीचा आवाज येत होता. तो माझी एकेक ओळ उर्दूत करून सांगत होता, आणि कळप अजून नाक्याच्या फाटकाअलीकडे होता.